झोळीतून गादीवर

«डॉक्टर, माझी लेक गेल्या आठवड्यात सात महिन्यांची झाली. आम्ही डोंबिवलीला वन बीएचकेमध्ये राहतो. मी, नवरा, सासूबाई आणि ही. जन्मल्यापासून ती झोळीत झोपते. झोका द्यायचा, झोप लागल्यासारखी वाटली की उचलून आमच्या गादीवर मधोमध ठेवायचं, आणि पाठ टेकली रे टेकली की डोळे टक्क उघडे. पुन्हा झोळी. असं तीन-चारदा. रात्री दर तासा-सव्वातासाला उठते आणि अंगावर घेतल्याशिवाय गप्प होत नाही. नवरा साडेनऊला घरी येतो. बेल वाजली की पेंगत असलेली पोर टुणकन जागी. पुढच्या महिन्यात मी ऑफिसला जायला लागणार, बाळ सासूबाईंकडे राहील. त्यांच्या गुडघ्यांचं दुखणं जुनं आहे, तास-तास झोका देणं त्यांना झेपणार नाही. पण त्याच म्हणतात, 'लेकराला रडवायचं नाही.' त्या वेखंड-हळकुंडासोबत जायफळही उगाळून देतात, 'झोप चांगली लागते' म्हणून. नेदरलँड्सला असलेली नणंद म्हणते, 'दार लावून घे, तीन रात्री रडू दे, चौथ्या रात्री सरळ होईल.' मी एकदा करून पाहिलं. वीस मिनिटांत मीच रडायला लागले आणि तिला उचलून पाजलं. मी चुकले का? बाळ आपलं आपण झोपायला शिकतं का? आता तर ती झोपली तरी माझाच डोळा लागत नाही.»

शिकतं. आणि सात महिने हे त्यासाठी चांगलं वय आहे. तीन महिन्यांच्या बाळाबद्दल विचारलं असतंत तर मी म्हटलं असतं, अजून थांबा, सध्या खुशाल झोका द्या आणि मिळेल तेव्हा स्वतः झोपा. नवजात बाळाला दिवस काय नि रात्र काय, सारखंच. शरीरातलं ते घड्याळ दोन-तीन महिन्यांनी चालू लागतं. तुमच्या लेकीचं ते केव्हाच चालू झालंय.

आधी पाठ टेकताच डोळे उघडण्याचं बघू, कारण सगळी मेख तिथेच आहे. समजा, ऑफिसातून येताना तुम्हाला लोकलमध्ये खिडकी मिळाली, घाटकोपरला डोळा लागला आणि जाग आली तर गाडी कर्जतला उभी. डबा रिकामा, शेजारची बाई कधीच उतरून गेलेली. 'चला, अजून जरा पडू' असं म्हणाल का? दचकून उठाल, पर्स चाचपाल, फोन शोधाल. तुमच्या लेकीचं रोज रात्री हेच होतं. डोळा लागला तेव्हा अंगाभोवती झोळी घट्ट होती, झोका होता, किंवा तोंडात दूध होतं. जाग आली तर सपाट गादी, वर पंखा, आणि हलत काहीच नाही. ती किंचाळते त्यात हट्ट नाही. 'मी इथे कशी आले?' असं विचारायला तिच्याकडे दुसरा शब्द नाही.

आणि जाग येणारच आहे. आपणही रात्रभर सलग झोपत नाही. साधारण दीड तासाचा झोपेचा एक फेरा असतो, तो संपला की आपण अर्धवट जागे होतो, कूस बदलतो, पांघरूण ओढतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी आठवतही नाही. बाळाचा फेरा लहान, ५०-६० मिनिटांचा. म्हणजे तुमचं 'दर तासा-सव्वातासाला' हे घड्याळ लावून बघावं इतकं बरोबर आहे. तिची झोप बिघडलेली नाही. फेरा संपल्यावर पुन्हा झोपेत शिरायचा एकच रस्ता तिला माहीत आहे, आणि तो तुमच्या अंगावरून जातो.

म्हणून बदलायची गोष्ट खरं तर एकच आहे. रात्री दोन वाजता जिथे जाग येणार आहे, तिथेच आणि तशाच स्थितीत संध्याकाळी तिचा डोळा लागायला हवा.

आता नणंदेचा सल्ला. तो मी झटकून टाकणार नाही. बाळाला जागं ठेवून बाहेर यायचं, ठरावीक वेळाने आत जाऊन धीर द्यायचा, ही वेळ हळूहळू वाढवत न्यायची, ही पद्धत बोस्टनचे डॉ. रिचर्ड फर्बर यांनी १९८५ साली लोकांपुढे मांडली. (दार लावून घ्या आणि चौथ्या दिवशी उघडा, असं त्यांनीही सांगितलेलं नाही. तो भाग वाटेत कुठेतरी चिकटला.) अशा शिकवणीने मुलांच्या मनावर कायमचा ओरखडा राहतो का, हे मेलबर्नमध्ये तपासलं गेलं. झोपेची तक्रार असलेली ३२६ बाळं घेतली होती, तीही तुमच्या लेकीच्याच वयाची, सात महिन्यांची. एका गटातल्या आईबाबांना झोपेच्या पद्धती शिकवल्या, दुसऱ्या गटातल्यांना नाही. मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिलं, तर वागणं, मन, आईशी असलेलं नातं, कशातच दोन गटांत फरक नव्हता. २०१२ साली हे छापून आलं. तेव्हा ज्या घरांत हे जमतं त्यांना मी नावं ठेवत नाही.

पण तुमच्या घरात ते जमणार नाही, हे तुमच्या पत्रातच लिहिलं आहे. बाळाची वेगळी खोली नाही, भिंतीपलीकडे शेजारी आहेत, हॉलमध्ये आजी पदराने डोळे पुसते आहे, आणि तुम्ही घड्याळाकडे बघत घामाघूम. अशा वेळी विसाव्या मिनिटाला कुणीतरी उचलणारच. आणि तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, चुकलं असेल तर ते इथे: उचललंत यात चूक नाही, पण वीस मिनिटं रडवून मग पाजलंत, तर बाळ एवढंच शिकतं की वीस मिनिटं रडावं लागतं, मग मिळतं. अर्धवट करण्यापेक्षा सुरूच न केलेलं बरं.

सुदैवाने त्या मेलबर्नच्या आईबाबांना शिकवलेल्या पद्धतींत एक अशीही होती की आईने शेजारीच बसायचं आणि काही दिवसांत हळूहळू मागे सरायचं. आपल्याकडच्या घरांना ती शोभते. 'आपलं आपण झोपणं' म्हणजे 'एकटं झोपणं' नव्हे, हे आधी सासूबाईंना सांगा. कुणी दार लावत नाहीये. आई शेजारी आहे, आजी शेजारी आहे. फक्त झोका नाही.

जागेचं आधी ठरवा. तुमच्या गादीला लागून जमिनीवर तिची वेगळी छोटी गादी घाला. कापसाची, मध्ये खड्डा पडणारी नको, टणक हवी. तुमच्या दोघांच्या मध्ये तर मुळीच नको. पाठीवर निजवा. रात्री ती स्वतःहून पोटावर वळली तर वळू द्या, त्या वयाची झाली ती. उशी नाही, राईची उशी तर नाहीच (डोकं गोल व्हायला ती लागत नाही), लोड, दुलई, मऊ खेळणी काही नाही. थंडी असेल तर एक कपडा जास्त चढवा. झोळीबद्दलही इथेच सांगून टाकते. झोळीत बाळाचं अंग मुडपतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. शिवाय सात महिन्यांची मुलगी वळते, बसायला बघते. एक दिवस ती काठावरून डोकावेल आणि खाली येईल. म्हणजे झोळी तशीही निघायचीच होती.

मग वेळ. रात्री आठ धरा. तुमच्या घरात ती दहाला झोपते आहे, असं बेलच्या गोष्टीवरून वाटतं, आणि दहापर्यंत ताणलेलं बाळ दमून गाढ झोपत नाही, चिडून तुटक झोपतं. डोळे चोळणं, कान ओढणं ही खूण सगळ्यांना माहीत असते. त्याच्या आधीची एक खूण बघा: हातातलं खेळणं तसंच राहतं आणि बाळ दोन-चार क्षण भिंतीकडे नुसतं बघत बसतं. तेव्हा उठायचं. किरकिर सुरू झाली म्हणजे आपल्याला पाव तास उशीर झालेला असतो.

दूध पहिल्यांदा, आणि तेही हॉलमध्ये, दिवा चालू असताना. ही सगळ्यात अवघड आणि सगळ्यात उपयोगाची गोष्ट आहे. पिता पिता डोळे मिटायला लागले की गालाला बोट लावा, ढेकर काढा, बोला. मग ओल्या फडक्याने अंग पुसणं, रात्रीचे कपडे, खोलीत झिरोचा बल्ब, आणि एक अंगाई. रोज तीच. सूर लागला नाही तरी चालेल, ओळी विसरलात तर आहेत त्याच दोन पुन्हा म्हणा. आणि मग ती जागी असतानाच गादीवर. पेंगुळलेली, पण जागी.

पहिल्या रात्री काय होईल? ती रडेल. मोठ्याने, तुमच्याकडे बघून, 'हे काय नवीन?' अशा चेहऱ्याने. तुम्ही तिच्याशेजारी आडव्या व्हा. छातीवर हात ठेवा, हळू थोपटा. रडणं वाढून श्वास अडकल्यासारखं झालं तर उचला, खांद्यावर घ्या, पण फेऱ्या मारू नका आणि पाजू नका. शांत झाली की पुन्हा गादीवर, खांद्यावर झोपण्याआधी. असं दहा वेळा होईल, पंधरा वेळा होईल. तासभर लागला तरी घाबरू नका. मध्येच ती थांबेल, अंगठा चोखेल, तुमच्या बांगडीशी खेळेल, मग परत सूर लावेल. आणि एका क्षणी तुमच्या हाताखालचा तिचा श्वास बदलेल, बोटांची मूठ सैल होईल. झोळीत झोपलेल्या बाळाच्या बाबतीत हे बघायला मिळत नाही, कारण तेव्हा आपण टीव्हीकडे बघत एका हाताने दोरी ओढत असतो.

दोन-तीन रात्रींनी थोपटणं मंद करा. मग नुसता हात. मग हात तिच्याशेजारी गादीवर. मग तुम्ही बसलेल्या, हात मांडीवर. प्रत्येक पायरीला तीन-चार दिवस द्या, आठवड्यात उरकायची घाई नको. थोपटण्याचीही सवय लागते म्हणून हे. पण सगळं सोडवून शेवटी तुम्ही शेजारी पडल्यावरच ती झोपते इथवर येऊन थांबलात, तरी माझ्या मते काही बिघडत नाही. मी स्वतः डॉक्टर असून माझ्या मुलाला चौदा महिने पायांवर उशी ठेवून झुलवलंय. तो झोपल्यावरही माझे पाय हलत राहायचे. एकदा बसस्टॉपवर उभी असताना शेजारच्या आजींनी विचारलं, 'काय गं, बरं नाही का?'

मध्यरात्री दोन गोष्टी वेगळ्या करायच्या. एक म्हणजे नुसता आवाज. बाळं झोपेत कुंथतात, चेहरा वाकडा करतात, 'एं' करतात, डोळेसुद्धा किलकिले होतात, आणि तरी झोपेतच असतात. त्या आवाजाला आपण उचललं तर आपणच त्यांना जागं करतो. दोन मिनिटं थांबा. खरंच रडली तर तोच हात, तीच थोपट. दुसरी गोष्ट म्हणजे भूक. अंगावर पिणाऱ्या सात महिन्यांच्या बाळाला रात्रीतून एक-दोनदा भूक लागणं अगदी साहजिक आहे, ते तोडू नका. शेवटचं दूध आठला असेल तर साधारण बारा-एकच्या सुमारास एकदा आणि पहाटे एकदा पाजा, दिवा न लावता, न बोलता. मधल्या चार-पाच उठण्यांना हात. पोट गच्च भरलं की रात्रभर झोपेल म्हणून संध्याकाळी नाचणीच्या सत्त्वाची वाटी वाढवू नका. जागं होणं भुकेमुळे नव्हतंच, तर वाटीने काय होणार? उलट पोट दुखून तुमची रात्र जायची.

दिवसाच्या झोपांना सध्या हात लावू नका. रात्री झोपेची ओढ जास्त असते, म्हणून शिकायला रात्र सोपी. दिवसा आठवडाभर झोळी चालू द्या, फक्त झोका झोप लागायच्या जरा आधी थांबवायचा, आणि झोळीजवळून कुणी हलायचं नाही. मग सकाळची झोप गादीवर आणा, ती सगळ्यात लवकर जमते. संध्याकाळची शेवटची डुलकी शेवटी. तिला चोवीस तासांत दिवसाच्या झोपा धरून १२ ते १६ तास झोप हवी. ती कशी वाटली जाते त्यावर वही घालून बसू नका.

सासूबाईंशी कसं बोलायचं? 'डॉक्टरांनी सांगितलंय' असं म्हणून माझं नाव पुढे करू नका, त्याने त्या गप्प बसतील आणि तुम्ही ऑफिसला गेलात की झोळी बाहेर येईल. त्यांना म्हणा, 'आई, तुमच्या गुडघ्यांना त्रास नको म्हणून करतेय. आणि एकटीला रडवायचं नाही हे तुमचं म्हणणं मला पटलंय.' दोन्ही खरं आहे. मग त्यांना कामात घ्या. दुपारी तिच्याशेजारी आडवं पडून थोपटणं आणि अंगाई म्हणणं त्यांच्याइतकं तुम्हालाही जमणार नाही. रात्रीचा पहिला आठवडा मात्र एकटीने सांभाळा. रडण्याच्या ऐन वेळी दारातून 'अगं घे ना तिला' असा आवाज आला की बाळ तुमच्याकडे बघायचं सोडून दाराकडे बघतं. त्या आठवड्यात आठ ते नऊ सासूबाई खाली फेरी मारून येतील किंवा शेजारी गप्पा मारून येतील, असं काही जुळवा.

एका गोष्टीत मात्र मी त्यांच्या बाजूने नाही: जायफळ. झोपेसाठी म्हणून गुटीतले जायफळाचे वेढे वाढवले जातात हे मला ठाऊक आहे, आणि सहाणेवर तीन वेढे म्हणजे नेमकं किती पोटात गेलं हे कुणालाच ठाऊक नसतं. जायफळाने गुंगी येते कारण जास्त झालं की ते विषारी असतं. बंद करा. सर्दीचं औषध पाजलं की बाळ छान झोपतं, हा शेजाऱ्यांचा सल्लाही तसलाच. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्याला अफूची बाळागोळी चाटवून जात. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही, कारण प्रसूतीच्या लाभाचा कायदाच मुंबई प्रांतात १९२९ साली आला. तुम्हाला मिळालेले २६ आठवडे २०१७ पासूनचे. पण बाळाला गुंगी देणं आणि झोप शिकवणं यांत फरक आहे, तो आजही आहे.

काही वेळा प्रश्न सवयीचा नसतोच. बाळ झोपेत घोरतं, तोंडाने श्वास घेतं, दूध वारंवार उलटतं, वजन वाढत नाही, ताप आहे, किंवा आडवं केलं की कान धरून कळवळतं, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि तुमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि दात, लस, गावची जत्रा, गणपती यांत घडी मोडली तर मोडू द्या. चार दिवसांनी पुन्हा त्याच क्रमाने सुरू केलं की पहिल्यापेक्षा लवकर बसते.

सुरुवात मात्र आताच करा, ऑफिसच्या आठवड्याच्या तोंडावर नको. आठव्या महिन्याच्या आसपास बाळं आई नजरेआड झाली की जास्त रडायला लागतात. त्याच आठवड्यात आईही गेली आणि झोळीही गेली, असं तिला वाटायला नको.

पत्राच्या शेवटी तुम्ही एक ओळ लिहिली आहे, तिच्यावर मी जरा थांबले: बाळ झोपलं तरी तुमचा डोळा लागत नाही. ऑफिसची धास्ती असेलच. पण दोन आठवड्यांहून जास्त हे चाललं असेल, विनाकारण रडू येत असेल, बाळाजवळ जावंसंच वाटत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचं दुखणं आहे. बाळंतपणानंतर बऱ्याच जणींना होतं आणि उपचाराने बरं होतं. कुणाशी लगेच बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवस-रात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

राहिले बाळाचे बाबा. साडेनऊला येऊन लेकीला बघावंसं वाटतं, यात त्यांचं काही चुकत नाही. दिवसभरात तेवढंच मिळतं त्यांना. पण ती भेट सकाळी हलवा. सहाला ती उठली की बाबांनी घ्यायचं, खिडकीशी न्यायचं, कबुतरं दाखवायची, आणि तुम्ही अजून एक तास झोपायचं. हा सौदा त्यांना पटेल. शुक्रवारी रात्री सुरू करा, म्हणजे शनिवार-रविवार हाताशी राहतो. आणि त्या दिवशी सकाळीच लॅचची एक किल्ली त्यांच्या खिशात टाका. आल्यावर बेल वाजवायची नाही, चपला बाहेरच काढायच्या.